वरच्या गावठाणातलं तांबं

वरचं गावठाण, मुलुंड
२ डिसेंबर १९५६

कॉस्मस,

हे पत्र कामाचं आहे. तब्येत कशी, मोंबासाची हवा कशी, असलं काही मी विचारणार नाही आणि तूही सांगू नकोस. नाताळला छापील कार्ड पाठवतोस, खाली सही करतोस, त्यावरून तू जिवंत आहेस एवढं कळतं. तेवढं पुरे आहे.

काम असं आहे. आपल्या विहिरीत तांबं सापडलंय.

हसू नकोस. आधी मीही हसले. फोर्टातल्या एका खाणकंपनीने इकडे माणूस पाठवलाय, शरच्चंद्र प्रधान नावाचा. भूगर्भशास्त्र शिकलेला आहे. डोक्यावर खाकी टोपी, हातात हातोडी, गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग. टेकडीवर खडी फोडतात तिथे म्हणे कुणाला काळ्या दगडात केसाएवढी तांब्याची तार मिळाली, म्हणून कंपनीने त्याला धाडला. आठवडाभर दगड फोडत हिंडला आणि एक दिवस प्यायला पाणी मागायला आपल्याकडे आला. मी तांब्या आणायला आत गेले, बाहेर येऊन बघते तर हा अर्धा विहिरीत. पाण्यालगतच्या दगडांवर हिरवी पुटं आहेत ना, लहानपणी आपण त्याला शेवाळ म्हणायचो, ती भिंगातून बघत होता. मग बादलीने गाळ काढला, काचेच्या नळीत घालून त्यात हिरवं औषध ओतलं आणि हलवलं. औषध लालभडक झालं. म्हणाला, "बाई, एवढं लाल मी फक्त पुस्तकात वाचलंय." पोरगा आनंदाने नाचायचाच बाकी होता.

आता कंपनीला आपल्या शेतात खणायचंय. शेत बापूसने दोघांच्या नावावर ठेवलंय, म्हणून दोघांच्या सह्या लागतात. मी त्याला म्हटलं, माझा भाऊ आफ्रिकेत असतो आणि आमचं बोलणं नाही. तर म्हणतो, "मग पत्र लिहा." जणू काही एवढं सोपं असतं!

तर लिहिलं. कागद सोबत आहे. सही करायची तर कर, नाहीतर फाडून टाक. चार वर्षांपूर्वी हेच शेत खडीवाल्याला विकायचं म्हणून तूच हटून बसला होतास. मी नाही म्हटलं, तर तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही असं गावासमोर ओरडून बोटीत बसलास. एथेलच्या लग्नालाही आला नाहीस. मामाची जागा रिकामी राहिली. तिची सासू आजही तिला "बिनमामाची पोर" म्हणते, भांडण असो नसो. तू आला नाहीस तो नाहीस, तुझा तो मोंबासाच्या बोटीवर काम करणारा दोस्त, आपल्या गावातला जॉनी, मात्र बोटीवरून उतरून थेट हजर झाला. लग्नाच्या आदल्या दिवशी, पाण्याच्या संध्याकाळी, पिऊन विहिरीत निम्मा लोंबकळत होता. मीच त्याला कॉलर धरून ओढला आणि सगळ्या बायकांसमोर झापला. तुझे दोस्त कसे आहेत ते तुला कळावं म्हणून लिहिलं. तक्रार नाही.

फिलूचं लग्न ठरलंय. १२ मेला. मुलगा कांजूरचा, गोदीत फिटर आहे. माझी काळजी एकच आहे. विहिरीत खाण निघाली तर माझ्या दुसऱ्या पोरीच्या लग्नाचं पाणी मी कुठून आणू?

मार्सेलिना

---

१३ जानेवारी १९५७

कॉस्मस,

पाकीट मिळालं. कागदावर सही आहे आणि मागे एक ओळ आहे. "बाय, शेत तुझं आहे, तुला वाटेल ते कर."

चार वर्षांनी माणूस एक ओळ लिहितो आणि तीही दुसऱ्याच्या कागदाच्या मागे! चांगला कोरा कागद मिळत नाही का मोंबासात? मी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना मध्येच पर्समधून काढून वाचली. तुझं अक्षर बापूससारखं झालंय, 'र' तर अगदी तसाच मारतोस.

कंपनीच्या हातात मी तो कागद अजून दिलेला नाही. माझ्याकडे ठेवलाय. वाटेल ते करायला सांगितलंस ना, मग मला वेळ लागेल. पण देव तुझं बरं करो, कॉस्मस. हे मी कागदाबद्दल म्हणतेय, बाकी सगळं आहे तिथेच आहे.

प्रधान रोज येतो. सीकेपी आहे, मासे खातो, त्यामुळे माझी पंचाईत होत नाही. परवा बोंबलाचं कालवण वाढलं तर हातोडी बाजूला ठेवून तीनदा भात घेतला. जेवता जेवता शिकवतो. म्हणे आपली ही सगळी टेकडी, मुलुंड, घाटकोपर, सगळं एकेकाळी उकळता रस होता. थरावर थर ओतत गेला आणि थिजला. दगडात हवेचे बुडबुडे अडकले, त्यात पुढे पांढरे स्फटिक भरले, कुठे हिरवी माती भरली. ती हिरवी माती लोखंडाची. तिला तांबं समजून भले भले फसतात म्हणतो. मी विचारलं, "मग तुम्ही फसला नाहीत कशावरून?" तर म्हणाला, "ती माती नळीत लाल होत नाही, बाई. तुमचा गाळ होतो."

आणि ऐक, मजा सांगते. टेकडीवरचा साहेबाचा खड्डा आठवतो ना, ज्यात लपून तू दिवसभर शाळा बुडवायचास? तो पहिल्या लढाईच्या वेळी एका गोऱ्या साहेबाने तांब्यासाठीच खणला होता. आणि पलीकडचा चर, जिथे पडून तुझा दात तुटला, तो त्यानंतर एका पारशी शेटने खणवला. प्रधानने कुठल्या कुठल्या कचेऱ्यांतून जुने कागद काढलेत. दोघांनीही सुरुवात आपल्या विहिरीच्या गाळापासून केली होती. गाळात तांबं दिसलं, म्हणून टेकडी खणली, टेकडीत काही नाही, म्हणून हात हलवत गेले. प्रधान म्हणतो, ते दोघे चुकीच्या जागी खणत होते, तांबं खाली विहिरीच्या बुडाशीच असणार.

तुझ्या तुटक्या दाताचं मी त्याला सांगितलं. तो लिहून घेत नाही ना ते पाहिलं आधी.

मार्सेलिना

---

१० मार्च १९५७

कॉस्मस,

आमची वाट लागायची वेळ आलीय, आणि बोलायला माणूस नाही, म्हणून तुला लिहितेय. हे गेल्यापासून असल्या गोष्टी बोलायला घरात कुणी उरलं नाही. पोरींना घाबरवायचं नाही.

कंपनीचा मॅनेजर मोटारीतून आला. विहिरीच्या कठड्यावर बूट ठेवून उभा राहिला. बुटासकट, कॉस्मस! आपल्या आयने त्या कठड्यावर कधी चपलेचा पाय ठेवू दिला होता का? म्हणाला, खाणीचं तोंड इथेच काढू, पावसाच्या आत काम सुरू. मी म्हटलं, मी सही दिली नाही. तर हसला. म्हणे, धातू देशाच्या कामाचा असतो, तुम्ही दिलं नाहीत तर सरकार घेईल. असं खरंच होतं का? तुला ठाऊक असेल तर कळव.

मी काही बोलणार, एवढ्यात प्रधान मध्ये पडला. मॅनेजरला म्हणाला, "सर, मला अजून पटलेलं नाही." विहिरीच्या वरच्या दगडात तांबं नाही, बाजूच्या दगडात नाही, शेतात चार ठिकाणी खणलं तिथेही नाही. फक्त गाळात आहे. दगडात नसलेलं तांबं गाळात आलं कुठून? मॅनेजरचं तोंड आंबलं. म्हणाला, तुमच्याच नळीने लाल दाखवलं, मी वर तसं कळवून बसलोय. प्रधान म्हणाला, "मग एप्रिलमध्ये पाणी तळाला गेलं की विहीर उपसू. बुडाचा दगड मला स्वतः फोडून बघू द्या. त्यानंतर मी लिहीन ते लिहीन." त्याचे कान लाल झाले होते, पण हटला नाही. वरिष्ठासमोर असं उभं राहायला काय लागतं ते मला माहीत आहे, मी शाळेत नोकरी करते. तो जायला निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, देव तुमचं बरं करो. लाजला.

तांबं कुठून आलं असेल म्हणून त्याने मलाही खोदखोदून विचारलं. विहिरीवर तांब्याची भांडी घासता का? मी म्हटलं, भांडी आम्ही घरी घासतो, विहिरीवर खरकटं पाणी सांडलं तर शेजारची म्हातारी रोझाबाय काठी घेऊन येते. कुणी कल्हईवाला बसायचा का? कधीच नाही. कोंबड्यांना, झाडांना मोरचूद वगैरे? नाही. बिचारा डोकं खाजवत गेला.

एथेल आलीय चार दिवस. काल रात्रीची भांडी आवरताना म्हणाली, "माझ्या वेळी मामा नव्हता, फिलूच्या वेळी विहीरच नसेल." तुझ्यावर राग आला, मग कंपनीवर आला, मग विहिरीवरही आला. एवढ्या वर्षांत त्या विहिरीने कधी तांब्याचा 'त' काढला नव्हता, आत्ताच बरी सुचली तिला!

तुझी सही अजून माझ्याकडेच आहे.

मार्सेलिना

---

७ एप्रिल १९५७

कॉस्मस, अरे कॉस्मस,

काय लिहू आणि कुठून लिहू! घाईत लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

काल विहीर उपसली. भाजीमळ्यातलं इंजिन भाड्याने आणलं होतं. आख्खं गावठाण जमलं, मॅनेजरही आला, सावलीत खुर्ची टाकून बसला. दुपारपर्यंत तळ दिसला. प्रधान स्वतः दोराने खाली उतरला. वरून नुसती हातोडी ऐकू यायची, ठाक ठाक. मी माळ हातात धरून उभी होते. खरं सांगते, मी देवाला म्हणत होते की त्याला काही सापडू देऊ नकोस. ज्याला रोज जेवू घालते त्याच्या वाईटावर टपले होते.

वर आला तो चिखलाने माखलेला. म्हणाला, "बुडाचा दगड स्वच्छ काळा आहे. कुठे रेघसुद्धा नाही." मॅनेजर म्हणाला, मग गाळात? प्रधानने गाळाचं घमेलं वर घेतलं, त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि हाताने चाळायला लागला. एक हिरवी चकती निघाली. मग दुसरी. मग एकदम मूठभर. शेवटी माझ्याकडे वळला आणि अगदी हळू विचारलं, "बाई, हे काय आहे?"

आणि मी कपाळावर हात मारला, कॉस्मस! तुझ्याही लक्षात आलं असेल. अरे, मामाचं नाणं!

मी त्याला सांगितलं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत या विहिरीचं पाणी न्यायला येतात, नवरीला आंघोळ घालायला. पाणी फुकट घ्यायचं नाही. कळशी बुडवायच्या आधी नवरीचा मामा विहिरीला तांब्याचं नाणं देतो. चांदी चालत नाही, तांबंच. आजूबाजूच्या सगळ्या गावठाणांच्या पोरींचं पाणी इथूनच जातं, आम्ही ख्रिस्ती व्हायच्या आधीपासून जात असेल, कुणाला ठाऊक. हे सगळं गेल्या महिन्यात त्याने विचारलं तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. माझ्याच काय, गावात कुणाच्या आलं नाही! मामाचं नाणं एकदा पाण्यात गेलं की गेलं. ते तिथे खाली पडून राहत असेल, हिरवं होत असेल, असा विचार कुणी कशाला करेल?

प्रधान कठड्याला टेकून चिखलातच बसला. टोपी काढली आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. म्हणाला, "बाई, साहेब, शेट आणि मी, तीन शहाण्यांनी तुमच्या लग्नांवर खड्डे खणले!" सगळं गावठाण हसलं. मॅनेजर तेवढा खुर्ची सोडून मोटारीकडे गेला. जाता जाता म्हणाला, नाण्यांचं लिहायची गरज नाही, नुसता गाळाचा आकडा द्या, पुढचं वर बघतील. प्रधान उठून उभा राहिला आणि म्हणाला, "नाणी पहिल्या पानावर लिहीन, सर." बस, एवढंच. आपलं शेत आणि आपली विहीर वाचली ती या एका वाक्याने. मॅनेजरने त्याला शिक्षा म्हणून रत्नागिरीकडच्या रानात पाठवायचं ठरवलंय, पण तो म्हणतो, तिकडे निदान दगडातलं तांबं दगडात असेल. लग्नाला येणार आहे. त्याच्या आईबापांना मी कधी पाहिलं नाही, पण रोज प्रार्थनेत त्यांचं नाव घेते.

थांब, खरं सांगायचं पुढेच आहे.

नाणी चिंचेने घासायला बायका बसल्या. शिवराई निघाल्या, कंपनी सरकारचे पैसे निघाले, राणीचे, राजाचे, ढब्बू. रोझाबाय प्रत्येक ढब्बू उचलून "हा माझा, हा माझा" म्हणत होती. किती लग्नं केली बाय तू, असं कुणीतरी विचारलं तर शिवी देऊन मोकळी. एथेल बाजूला बसली होती. तिने हात लावला नव्हता. तिचं यात काही नाही ना.

माझ्या हाताला एक भोकाचं नाणं लागलं. वाटलं, लढाईतला आपला भोकाचा पैसा. टाकणार होते ढिगात. पण जरा मोठं वाटलं म्हणून एथेलकडे दिलं, म्हटलं घास. तिने घासलं, पुसलं, आणि तशीच बघत बसली. मग म्हणाली, "आय, यावर हत्तीचे सुळे आहेत."

भोकाच्या दोन बाजूंना दोन सुळे. ईस्ट आफ्रिका. टेन सेंट्स. १९५२.

हात चिंचेचे तसेच, उठले आणि तडक जॉनीच्या घरी गेले. तो बोटीवरून येऊन घरीच होता, खाटेवर पडला होता. मला बघून उठून बसला, घाबरलाच. मी नाणं त्याच्यासमोर धरलं. तो म्हणाला, "त्याने शपथ घातली होती, बाय. म्हणाला, मी मामा आहे, माझं नाणं पडलंच पाहिजे, पण बायला कळू देऊ नकोस. कळलं तर ती विहिरीत उतरून काढेल आणि टपालाने परत पाठवेल."

पाठवलं असतं. तेव्हा नक्की पाठवलं असतं.

मी म्हटलं, "अरे पण तू प्यायला होतास! विहिरीत लोंबत होतास!" तर तो म्हणाला, "थेंब नव्हता घेतला. आवाज होऊ नये म्हणून वाकलो होतो, हात पाण्यापर्यंत न्यायला बघत होतो. पहिला ग्लास तुझ्या शिव्या खाल्ल्यावर घेतला." चार वर्षं या माणसाने गावभर दारुड्या म्हणवून घेतलं आणि तोंड उघडलं नाही. मी तिथेच त्याच्या खाटेवर बसून रडले. त्याची बायको चहा घेऊन आली, तीही कशाला ते न विचारता रडायला लागली.

तू कसला रे असा! एक ओळ लिहायची होतीस. आलो नाही, पण नाणं पाठवलंय. मी चिडले असते, आदळआपट केली असती, आणि मग पोरीला जवळ घेऊन सांगितलं असतं की तुझा मामा आहे. पण नाही. तुला सगळं गुपचूप पाहिजे. लहानपणी माझ्या पाटीवरची गणितं मी झोपल्यावर सोडवून ठेवायचास, तसाच राहिलास.

आज सकाळी मिस्सा संपल्यावर एथेल ते नाणं पदराच्या टोकाला बांधून सासरी गेली. सासूसमोर गाठ सोडली आणि म्हणाली, "माझ्या मामाचं नाणं आहे. आता बोला." म्हातारीने नाणं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, आफ्रिकेत हत्ती फार असतात वाटतं. एवढंच बोलली. पण परत येऊन सांगताना एथेल किती हसत होती, तू पाहायला हवं होतंस.

तुझी बाय

---

१० एप्रिल १९५७

कॉस्मस,

रविवारचं पत्र पोस्टात पडतं न पडतं तोच हे दुसरं. टपालखात्याचं भलं होऊ दे.

झरा पुन्हा सुटलाय. विहिरीत गुडघाभर पाणी आलं. आज सगळी नाणी विहिरीला परत दिली. प्रधानने एकच मागून घेतलं, आपल्या कागदांना जोडायला. मी त्याला माझ्या लग्नातलं म्हणून एक ढब्बू दिला. कोण सांगणार आहे नाही म्हणून? तुझ्या सहीचा कागद फाडून चुलीत घालणार होते, पण मागची ओळही गेली असती ना चुलीत. म्हणून मागची ओळ कापून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली, बाकीचा कागद फाडला.

फिलूचं लग्न १२ मेला आहे, पाण्याची संध्याकाळ ११ची. बोटीला दहा-बारा दिवस लागतात हे मला माहीत आहे, म्हणजे तुला सबब नाही. रजा मिळत नसेल तर आजारी पड. माझ्या दारात पाय ठेवणार नाही असं म्हणाला होतास ना? ठेवू नकोस. विहीर अंगणाबाहेर आहे, सरळ तिथेच ये. पुढचं पुढे बघू. सरकारने या महिन्यापासून नवा पैसा काढलाय, इवलासा, बटणासारखा. तो मी चालू देणार नाही. तुझं तिकडचं भोकाचं नाणं खिशात घालून आण, आणि विहिरीवर येताना जॉनीला घरून घेऊन ये बरोबर. त्याला मी बायकांच्या पुढे उभा करणार आहे, सगळ्यांसमोर झापला होता तसा सगळ्यांसमोर मान द्यायला.

बाकीची नाणी बायकांनी घमेल्याने ओतली. एथेलचं मात्र मी हातात ठेवलं होतं. सगळ्या गेल्यावर मी आणि ती दोघीच कठड्याशी उभ्या राहिलो आणि मी तुझं नाणं वरून सोडलं. वाकले नाही. चांगलं उंचावरून सोडलं. डुबुक असा केवढा मोठा आवाज झाला, कॉस्मस! एथेल म्हणाली, "ऐकलंस, आय?"

ऐकलं रे. देव तुझं बरं करो. हे मी आता कागदाबद्दल म्हणत नाहीये.

तुझी बाय